गॅसच्या गोळीत काय आहे ते बघा : फॅमिली डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व फॅमिली डॉक्टर, नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर आणि औषध विक्रेते

विषय : डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) अडवणाऱ्या रोजच्या वापरातल्या औषधांबाबत

सप्रेम नमस्कार,

मागणं काय आहे ते आधी सांगते. साठीच्या पुढच्या माणसाचे हात थरथरू लागले, चाल मंदावली, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, तर त्याला कंपवात (पार्किन्सन्स) झाला असं ठरवण्याआधी त्याच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावा. आणि ज्याला कंपवात आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याला उलटीचं, गॅसचं किंवा चकरेचं औषध देताना त्यात नेमकं काय आहे ते बघून द्या. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली-कऱ्हाड पट्ट्यात घरी जाऊन व्यायाम देते. लकवा, मोडलेला खुबा, गुडघे आणि कंपवात हे माझं रोजचं काम. औषध लिहिण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी मागतही नाही. पण ओपीडीत गर्दी असते, तुम्हाला एका माणसामागे पाच-सात मिनिटं मिळतात. मी त्याच माणसाबरोबर त्याच्या घरात तासभर असते. कॉटखालचा गोळ्यांचा डबा मला दिसतो. तुमच्यापर्यंत तो पोचतच नाही, कारण 'डॉक्टर, ही गॅसची गोळी तर साधी आहे' असं म्हणून घरचे तो घरीच ठेवून येतात.

एका आजींचं सांगते. वय सत्तरीच्या घरात, शेतकरी कुटुंब. सुनेच्या शब्दांत आजी 'एकदमच म्हाताऱ्या झाल्या'. गणपतीत वीस माणसांच्या भाकऱ्या एकट्या थापणारी बाई, संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना अडकायला लागली. वळलेली मूठ उघडायलाच वेळ लागायचा. निऱ्या घालता येईनात. चेहरा असा कोरा झाला की नातवाला वाटायचं, आजी आपल्यावर रागावलीय. कंपवात म्हणून 110 च्या गोळ्या (मेंदूतलं डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा) सुरू झाल्या होत्या, त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. चालण्याचा सराव करून घ्यायला मला बोलावलं.

चिमटी उघडझाप करायला सांगितली तर दोन्ही हात सारखेच मंद. हनुवटी आणि खालचा ओठ बारीक थरथरत होता. कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूला जातो. इथे दोन्ही बाजू एकाच वेळी, आणि तेही चार-पाच महिन्यांत. गोळ्या मागितल्या. बिस्किटांच्या डब्यात बीपीची, शुगरची, कॅल्शियमची आणि सकाळी अनशापोटी घ्यायची एक कॅप्सूल होती. ती कधीपासून? 'मागच्या पावसाळ्यापासून. संपली की मेडिकलमधून आणतो.' चिठ्ठी कुणाची ते कुणालाच आठवेना. स्ट्रिप उजेडात धरून वाचली. ॲसिडिटीचं रॅबेप्रॅझोल 20, आणि त्याखाली बारीक अक्षरांत डोपामिन अडवणारं लेव्होसल्पिराइड 75.

त्यांच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी त्याच दिवशी ती कॅप्सूल थांबवली, पुढे 110 ही हळूहळू बंद केली. आषाढीपर्यंत आजी पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या.

प्रत्येक गोष्ट अशी संपत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला हे शिकवायला नको, पण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडं मुळापासून सांगते. मेंदूच्या खोल गाभ्यात दोन्ही बाजूंना स्ट्रायटम नावाचा भाग आहे. कॉडेट आणि पुटामेन असे त्याचे दोन हिस्से. हात उचलायचा हे मेंदूच्या वरच्या थरात ठरतं, पण कोणती हालचाल सुरू करायची, कोणती दाबून धरायची, किती जोर आणि किती वेग द्यायचा, याची निवड या स्ट्रायटमच्या फेऱ्यांतून होते. त्याला डोपामिन पुरवणाऱ्या पेशी खाली मध्यमेंदूत, सबस्टँशिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात असतात. तिथल्या एकेका पेशीचा तंतू वर जाऊन स्ट्रायटममध्ये लाखो जोडण्या करतो. डोपामिनचं तिथलं काम दुहेरी आहे. डी-1 रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची डोपामिन बसायची जागा) बसून ते हालचालीला वाट करून देणाऱ्या पेशींना चेतवतं, आणि डी-2 रिसेप्टरवर बसून हालचाल रोखणाऱ्या पेशींना शांत ठेवतं. डोपामिन कमी पडलं की वाट देणाऱ्या पेशी थंडावतात आणि रोखणाऱ्या जोर करतात. हातापायांत ताकद असूनही माणूस जखडतो.

कंपवातात नायग्रातल्या पेशीच वर्षानुवर्षं मरत असतात. स्ट्रायटममधलं डोपामिन साधारण 70 ते 80 टक्के घटेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. गोळ्यांनी होणारा प्रकार वेगळा. तिथे पेशी जिवंत असतात, डोपामिन तयारही होत असतं, पण औषध डी-2 रिसेप्टरवर आधीच बसलेलं असतं. शेतात दारं धरणाऱ्याला हे लगेच समजेल : कंपवातात विहीरच आटत चाललेली असते, गोळीच्या आजारात विहीर भरलेली, मोटर चालू, पण प्रत्येक वाफ्याचं तोंड मातीने बुजवलेलं. तिथे आणखी पाणी सोडून काय होणार? आजींच्या 110 च्या गोळ्या म्हणूनच वाया गेल्या.

औषध मेंदूत कुठे बसलं ते दाखवणाऱ्या पीईटी स्कॅनवरच्या अभ्यासांतून एक आकडा पुढे आला आहे. स्ट्रायटममधले सुमारे 80 टक्के डी-2 रिसेप्टर औषधाने व्यापले की जखडणं, थरथरणं दिसण्याचा धोका वाढतो. वयाबरोबर नायग्रातल्या पेशी सगळ्यांच्याच कमी होत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाकडे मुळात शिल्लक थोडी असते. त्यात लेव्होसल्पिराइडसारखी औषधं मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतात, आणि सत्तरीतल्या मधुमेही बाईचं मूत्रपिंड किती काम करतं हे तुम्ही जाणता. हीच कॅप्सूल तिचा तिशीतला मुलगा महिनाभर घेतो आणि त्याला काही होत नाही. मग घरात ती 'सगळ्यांना चालते' म्हणून वाटली जाते.

ही माहिती नवी नाही, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. 1949 साली डॉ. रुस्तम जल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या मुळीकडे वळलं. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर ते भरपूर वापरलं जाऊ लागलं, आणि त्यातले काही रुग्ण हुबेहूब कंपवाताच्या रुग्णांसारखे जखडलेले दिसू लागले. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हिंडू लागले. हे 1957 साल. तीन वर्षांनी व्हिएन्नामध्ये एहरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर स्ट्रायटममध्ये डोपामिनची मोठी तूट सापडली. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या डोसात डोपा देऊन रुग्णांना उभं केलं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

म्हणजे कंपवातावरचा आजचा मुख्य उपचार सापडला तोच औषधाने झालेल्या कंपवाताचा माग काढता काढता. ज्या गोष्टीपासून ही सगळी विद्या सुरू झाली, तीच गोष्ट आज आपल्या ओपीडीत ओळखली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. डोपामिन अडवणारी औषधं म्हटलं की अजूनही फक्त मनोविकाराच्या गोळ्या डोळ्यांपुढे येतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन घेणाऱ्याचे हात थरथरले तर कुणीही डॉक्टर ओळखतो. पण मला दिसणारे रुग्ण मनोविकाराचे नसतात. ते गॅसचे असतात, चकरेचे असतात, अर्धशिशीचे असतात.

नावं सांगते. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन. दुसरी तर चक्कर येते म्हणून गालात ठेवायला सर्रास दिली जाते. चकरेसाठी सिनॅरिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनॅरिझिन. ही दोन्ही कॅल्शियम अडवणारी म्हणून ओळखली जातात, पण ती डी-2 लाही अडवतात, आणि त्यांनी होणाऱ्या कंपवाताची नोंद 1980 च्या दशकातच स्पेन आणि अर्जेंटिनातून झाली आहे. 'टेन्शन'वर दिल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांमध्ये फ्लुपेन्टिक्सोल किंवा ट्रायफ्लुओपेराझिन असतं. आणि पोटासाठी लेव्होसल्पिराइड.

या शेवटच्या औषधाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडे ते दिसतं फार आणि ओळखलं जातं कमी. ते मेटोक्लोप्रामाइडच्याच कुळातलं आहे. अमेरिकेत त्याला परवानगीच नाही. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी 2009 साली लेव्होसल्पिराइडमुळे हालचाली बिघडलेल्या 91 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांना कंपवातासारखी लक्षणं होती, आणि अशांपैकी जवळपास निम्म्यांची लक्षणं औषध बंद केल्यावरही राहिली. आपल्याकडे ते एकटं क्वचित मिळतं. ॲसिडिटीच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येतं आणि ब्रँडच्या नावामागे बहुधा 'एल' हे अक्षर लागतं. डॉम्पेरिडोन असलेल्या कॅप्सूलमागे 'डी' असतं. नाव तेच, शेवटचं अक्षर वेगळं. रुग्णाला हा फरक कळायचा काही मार्ग नाही, आणि काउंटरवर 'डी संपलंय, एल देऊ का?' हे मी स्वतः ऐकलेलं आहे. डॉम्पेरिडोन रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून कंपवाताच्या रुग्णाला मळमळ झाली तर तेच दिलं जातं. हृदयाचा त्रास असेल तर त्यालाही जपावं लागतं, ते तुम्ही बघालच. पण स्ट्रायटमच्या बाबतीत या दोन अक्षरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेटोक्लोप्रामाइडबद्दल अमेरिकेच्या नियामकाने 2009 मध्ये माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा घालायला लावला आणि 12 आठवड्यांपुढे ते देणं टाळावं असं सांगितलं. युरोपने 2013 मध्ये मर्यादा 5 दिवसांवर आणली. आपल्याकडे एकदा लिहिलेली गॅसची कॅप्सूल किती दिवस चालते? संपेल तेव्हा परत आणेपर्यंत. तिला शेवटच नसतो.

नुकसान फक्त म्हाताऱ्यांचं होतं असंही नाही, तरुणांमध्ये ते वेगळ्या रूपात येतं. कॉलेजातली एक मुलगी, उलट्या-जुलाबासाठी सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेली. संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली ती सरळ होईना, डोळे छताकडे गेले, जबडा आवळला. शुद्ध पूर्ण होती, नुसती रडत होती. घरच्यांना वाटलं फिट आली, कुणी कांदा हुंगवला, शेजारणीने लिंबू उतरवून टाकलं. दवाखान्यात नेल्यावर 'नाटक करते, परीक्षा जवळ आलीय' असंही एकाने म्हटलं. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने अर्ध्या तासात मान सरळ झाली. हा स्ट्रायटममध्ये डी-2 एकदम अडल्याचा परिणाम आहे, आणि तो लहान मुलं आणि तरुण मुलींमध्ये जास्त होतो. तिच्या केस पेपरवर मात्र त्या इंजेक्शनचं नाव कुठेही नव्हतं, त्यामुळे पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर तेच देऊ शकतो. निदान एवढं तरी करा : असं कुणाला झालं तर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून कागद त्या माणसाच्या हातात द्या.

तिसरं रूप सगळ्यात हट्टी. रिसेप्टर महिनोन्महिने अडलेले राहिले की स्ट्रायटम आपली संवेदनशीलता वाढवून घेतं, आणि मग उलटं चित्र दिसतं. तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, जीभ बाहेर येते, ओठ मिटतात-उघडतात. कधी कधी हे औषध बंद केल्यावर सुरू होतं. कवळी नीट बसत नाही म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारणाऱ्या एक मावशी मला भेटल्या, कवळीत काहीच दोष नव्हता. लग्नकार्यात जायचं त्यांनी सोडून दिलं होतं. लोक तोंडाकडे बघतात म्हणायच्या. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. तो गेला तर जातो, नाहीतर कायमचा राहतो.

आता निदानाचं. गोळीमुळे झालेला आणि खरा कंपवात नुसतं बघून वेगळे ओळखता येतातच असं नाही. दोन्ही बाजू सारख्या, आजार वाढण्याचा वेग जास्त, बसल्या जागी होणारी थरथर कमी, हे ताळे आहेत, पण ते चुकतात. माझ्याकडचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले, चकरेची गोळी बरीच वर्षं घेत होते. गोळी बंद केली. चाल सुधारली, चेहरा खुलला, पण उजव्या हाताची थरथर तशीच राहिली. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी ट्रोडॅट स्कॅन करून घेतला. हा स्कॅन नायग्राकडून येणाऱ्या तंतूंची टोकं स्ट्रायटममध्ये किती शाबूत आहेत ते दाखवतो. निव्वळ गोळीचा आजार असेल तर तो नॉर्मल येतो. काकांचा आला नाही. खरा कंपवात आतून हळूहळू येतच होता, गोळीने तो अलीकडे ओढून आणला. सगळ्यांना हा खर्चिक स्कॅन परवडणार नाही आणि दर वेळी त्याची गरजही नसते. संशयित औषध थांबवून काही महिने वाट बघणं हीच आपल्याकडची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. बहुतेकांना काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत फरक पडतो, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. पण त्यासाठी आधी डबा उघडला गेला पाहिजे.

इथे रुग्णांसाठी दोन वाक्यं. हे वाचून कुणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विशेषतः मनोविकाराच्या औषधांच्या बाबतीत, कारण ज्या आजारासाठी ती दिली आहेत तो उसळला तर जिवावर बेतू शकतं.

डोपामिन अडवणं किंवा कमी करणं हेच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. हंटिंग्टनच्या आजारात स्ट्रायटमच्या स्वतःच्या पेशी मरतात, आणि सुरुवातीला त्यातल्या हालचाल रोखणाऱ्या पेशी जास्त मरतात. माणसाचे हातपाय, चेहरा न थांबता हलत राहतात. तिथे डोपामिनचा साठा कमी करणारं टेट्राबेनाझिन उपयोगी पडतं. एकाच जागेवर काम करणारी औषधं एकाला आधार देतात आणि दुसऱ्याला जखडतात. म्हणूनच कुणाला काय चाललंय ते माहीत असणं महत्त्वाचं.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांशी मला वेगळं बोलायचं आहे. कंपवाताचा जुना रुग्ण घसरून पडतो, खुबा मोडतो, तुमच्याकडे दाखल होतो. घरी त्याच्या लेव्होडोपाच्या वेळा सकाळी 7, साडेदहा, 2 आणि साडेपाच अशा घड्याळावर बांधलेल्या असतात, कारण या औषधाचा रक्तातला अर्धा भाग साधारण दीड तासात संपतो आणि आजार पुढे गेलेल्या माणसाच्या स्ट्रायटमकडे साठवून ठेवायची ताकद उरलेली नसते. दवाखान्यात फाईलवर 'टीडीएस' म्हणजे नुसतं 'दिवसातून तीनदा' लिहिलं जातं. सिस्टर त्यांच्या राउंडच्या वेळी, नाश्त्याबरोबर, दुधाबरोबर गोळी देतात. प्रथिनांमुळे ती आतड्यातून नीट शोषली जात नाही. मग ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी, म्हणजे गोळीही बंद.

एका घरात मी हे जवळून पाहिलं आहे. जवळजवळ दिवसभर डोस नाही. ऑपरेशननंतर मळमळलं म्हणून मेटोक्लोप्रामाइड. रात्री भ्रम झाला, आरडाओरडा केला म्हणून हॅलोपेरिडॉल. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना घोटभर पाणी गिळता येईना. हाड उत्तम बसलं होतं, एक्स-रे बघून कुणीही शाबासकी दिली असती. पण पडण्याच्या आदल्या दिवशी स्वतः दाढी करणारा माणूस घरी आला तो कुशीवर वळवायला दोघं लागतील असा. त्यांच्या मुलाने सगळ्या गोळ्या वेळा लिहून दवाखान्यात दिल्या होत्या. 'बाहेरची औषधं ठेवायची नाहीत' म्हणून त्या परत केल्या गेल्या.

ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या कंपवाताच्या रुग्णाला त्याच्या ठरलेल्या वेळेच्या आगेमागे 30 मिनिटांत गोळी मिळाली पाहिजे, असा दर्जा तिथल्या 'नाइस' या संस्थेने ठरवून दिला आहे. आपल्याकडे सिस्टर कमी, खाटा जास्त, हे मला दिसतं. पण यासाठी पैसा लागत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने वेळा लिहा. सिस्टरांना जमणार नसेल तर गोळी नातेवाइकांच्या हातात राहू द्या आणि दिल्याची नोंद त्यांच्याकडून घ्या. उपाशी ठेवायचं असेल तर घोटभर पाण्याबरोबर गोळी चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा. गिळता येत नसेल तर साधी गोळी विरघळवून नळीतून देता येते, हळूहळू सुटणारी मात्र कुटायची नसते. उलटीला ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन आहे. भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल टोचण्याआधी न्यूरोच्या डॉक्टरांना एक फोन करा. लेव्होडोपा एकदम बंद झालं तर ताप चढून, स्नायू कडक होऊन माणूस दगावूही शकतो, हे ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांना कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

औषध विक्रेत्यांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. ही सगळी शेड्यूल एचची औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. जुनी चिठ्ठी घेऊन कुणी सहाव्यांदा आलं तर 'डॉक्टरांना एकदा दाखवून या' एवढं म्हणा. तुमच्या भागात तुमचा शब्द डॉक्टरांइतकाच चालतो, हे मी रोज बघते. 'डी' च्या जागी 'एल' देऊ नका. आणि चार गोळ्या हव्या असतील तेव्हा स्ट्रिप कापताना नावाची बाजू रुग्णाकडे जाऊ द्या. माझ्या रुग्णांच्या डब्यात मला असे कापलेले तुकडे मिळतात की त्यावर फक्त 'विक्रीसाठी नाही' किंवा अर्धा बॅच नंबर शिल्लक असतो. तीच गोष्ट कागदी पुडीतून सुट्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांची. पांढरी गोळी, पिवळी गोळी, अर्धी गुलाबी गोळी. त्या पुडीतली कुठली गोळी माणसाला जखडवते आहे ते पुढचा डॉक्टर कसं शोधणार? पुडीवर पेनाने नाव लिहायला किती वेळ लागतो?

ज्यांच्याकडे असा रुग्ण सापडेल त्यांनी तो नोंदवावा, ही आणखी एक विनंती. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा केंद्र सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम 2010 पासून सुरू आहे. त्याचा टोल-फ्री नंबर 1800-180-3024. डॉक्टर, सिस्टर, विक्रेते, फिजिओ आणि खुद्द रुग्णही तिथे कळवू शकतात; रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. गॅसच्या कॅप्सूलने जखडलेल्या आजी जोवर कुठल्याच कागदावर येत नाहीत, तोवर सरकारदरबारी ही अडचण अस्तित्वातच नसते.

पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पीडीएमडीएस (पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी) या संस्था रुग्णांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या सभा घेतात. त्यांनाही सुचवते आहे की खिशात मावेल असं एक मराठी कार्ड करू या : समोर रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा, मागे टाळायच्या औषधांची नावं. तोवर मी माझ्या प्रत्येक रुग्णासाठी ते हाताने लिहून देते आहे. तो कागद तुमच्या टेबलावर आला तर रागावू नका, 'आता फिजिओ आम्हाला शिकवणार का' म्हणून बाजूला टाकू नका. एकदा वाचा. त्यातलं काही चुकत असेल तर त्याच कागदावर दुरुस्त करून परत पाठवा. मी ते आनंदाने बदलेन आणि बाकीच्या रुग्णांच्या कागदांवरही तसंच करेन.

कळावे,

आपली,
सांगली-कऱ्हाड भागातली एक फिजिओथेरपिस्ट